हमी कोणाची, भरपाई कोणाची?

गेल्या डिसेंबरात सोलापुरातल्या एका महाविद्यालयात वादविवाद स्पर्धेला परीक्षक म्हणून गेलो होतो. विषय फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलेला होता: ‘कठोर परिश्रम आणि नियमित सराव हीच स्पर्धेतील यशाची हमी.’ बावीस मुलं-मुली बोलली. बाजूने बोलणाऱ्यांनी यशस्वी माणसांची नावं घेतली. आईबरोबर बांगड्या विकत शिकलेले आणि २०१२ मध्ये आयएएस झालेले बार्शी तालुक्यातल्या महागावचे रमेश घोलप, बीड जिल्ह्यातल्या मांडव्यातून निघून ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत धावलेला अविनाश साबळे, अठरा-अठरा तास वाचत बसणारे बाबासाहेब. विरोधात बोलणाऱ्यांनी नशीब, वशिला आणि पेपरफुटी यांचा पाढा वाचला. एकाने तर ‘मेहनत करून गाढवाला काय मिळालं?’ असं विचारून टाळ्या घेतल्या. दोन तास मी ऐकत होतो आणि अस्वस्थ होत होतो. एकीकडे मोजकी नावं, दुसरीकडे मोजकी गाऱ्हाणी. हमी कशाला म्हणतात आणि स्पर्धा कशाला म्हणतात, या मूळ प्रश्नाला कुणी हातच लावला नाही.

हा वाद व्यासपीठापुरता असता तर घरी येऊन विसरलो असतो. पण हेच वाक्य आपल्या शहरात अभ्यासिकांच्या भिंतींवर आहे, गुणवंतांच्या सत्कारात आहे, रात्री जेवताना बापाच्या तोंडी आहे. म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. नियमित सरावाने माणूस कालच्यापेक्षा चांगला होतो, याची जवळजवळ खात्री देता येते. स्पर्धेत त्याचा नंबर लागेल याची खात्री कुणालाच देता येत नाही. आणि जो ती देतो तो कितीही चांगल्या मनाचा असला तरी पोरांचं नुकसान करतो. हमी म्हणजे काय, हे सोलापूरकरांना शिकवायला नको. चादरीच्या दुकानात मालक घडी उलगडतो आणि म्हणतो, ‘रंगाची गॅरंटी. गेला तर घेऊन या, बदलून देतो.’ रंग गेला तर तोटा दुकानदाराचा. बोललं तसं झालं नाही तर भरून द्यायची तयारी असेल, तरच त्या शब्दाला किंमत. ‘मेहनत कर, यश नक्की’ असं सांगणाऱ्या आपल्यातला कोण अशी भरपाई देतो? भरतीच्या नादात गेलेली चार वर्षं कोण बदलून देतो? इथे शब्द देणारा एक आणि तोटा सोसणारा दुसरा, आणि तो दुसरा बहुधा तेवीस-चोवीस वर्षांचा असतो.

आता समोरच्यांचं जे खरं आहे ते मान्य करतो, कारण ते माझ्याही पोटातलं आहे. एकतीस वर्षं मी शाळेत क्रीडाशिक्षक होतो. निवृत्तीनंतरही पहाटे मैदानावर जातो आणि पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींचं टायमिंग घेतो. मेहनत न करता भरती झालेला एकही मुलगा मी पाहिलेला नाही. मुलांना १६०० मीटरचे पूर्ण २० गुण हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत यावं लागतं, मुलींना ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदांत. इथे कुणाची चिठ्ठी चालत नाही. नवा मुलगा येतो तेव्हा शेवटच्या फेरीत त्याचे खांदे कानाला लागतात, मान मागे जाते, पावलं फटफट वाजायला लागतात. आठ-दहा महिन्यांनी त्याच मुलाची तीच फेरी बघावी. हात कमरेशी, श्वास मोजून, आणि पाऊल इतकं हलकं पडतं की जवळून गेला तरी नुसती माती सरकल्यासारखी वाटते. सहा मिनिटांवरून सव्वापाचवर आलेली पोरं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. तेव्हा सराव निरुपयोगी आहे असं कुणी म्हणत असेल तर त्याने एक दिवस पहाटे पाचला मैदानावर यावं. सराव नसेल तर दार बंदच. पण सराव आहे म्हणून दार उघडलंच पाहिजे, हे त्यातून कसं निघतं?

त्या दिवशी कितीतरी वक्त्यांनी तुकोबांचा ‘असाध्य ते साध्य करिता सायास, कारण अभ्यास’ हा चरण म्हटला. सुरेख म्हटला, पण विचार न करता म्हटला. तुकोबा तिथे अभ्यासाला ‘कारण’ म्हणतात, हमी म्हणत नाहीत. आणि त्यांचे दाखले कोणते आहेत ते पाहावं. बचनागासारखं विष तोळा तोळा पचवणारा, भुजंग हातात धरणारा, दुसऱ्या एका अभंगात खडकात शिरणारं ओलं मूळ. या प्रत्येक ठिकाणी समोर जे उभं आहे ते सराव करत नाही. मुळाला अडवायचं म्हणून खडक पहाटे उठून जोर-बैठका मारत नाही, म्हणून आज ना उद्या मूळ आत शिरतं. स्पर्धेत समोर खडक नसतो. समोर दुसरं मूळ असतं, तितकंच ओलं, तितकंच चिवट, आणि भेग एकच असते.

हा फरक आपल्या गावात दरवर्षी डोळ्यांसमोर घडतो. सिद्धेश्वरांच्या यात्रेआधी कितीतरी दिवस रात्रीच्या वेळी नंदीध्वजांचा सराव चालतो. पांढऱ्या बाराबंदीतले ते मानकरी आणि भक्त सात नंदीध्वज घेऊन निघतात, ६८ लिंगांची प्रदक्षिणा घालतात, तेव्हा त्या उंच काठीचा तोल जाऊ नये म्हणून आधी घाम गाळलेला असतो. तिथे सराव जवळजवळ हमीच देतो. कारण तिथे कुणाला हरवायचं नसतं, काठी पेलायची असते. पेलणारे दुप्पट झाले तर मान कमी होत नाही, उलट खांद्यावरचा भार वाटला जातो. आता त्याच यात्रेत होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम आठवा. पुढचा माणूस टाचा उंच करतो, म्हणून मागचा करतो, म्हणून त्याच्या मागचा करतो. दहा मिनिटांत सगळं मैदान चवड्यांवर उभं असतं, पाय सगळ्यांचे दुखतात आणि दिसतं पहिल्याइतकंच. आपण पोरांना नंदीध्वजाचं तत्त्व शिकवतो आणि पाठवतो मात्र दारूकामाच्या गर्दीत.

आकडेच घ्या. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२४ च्या नागरी सेवा परीक्षेला ९ लाख ९२ हजार ५९९ अर्ज आले. पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष बसले ५ लाख ८३ हजार २१३. शेवटी निवड झाली १,००९ जणांची. आता असं समजा की त्या पावणेसहा लाखांतल्या प्रत्येकाने त्या वर्षी दुप्पट अभ्यास केला असता, एकानेही एक दिवस वाया घालवला नसता. किती जणांची निवड झाली असती? १,००९ जणांचीच. त्याच वर्षीच्या राज्यातल्या पोलीस भरतीत साडेसतरा हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज १७ लाखांवर. मैदानावर सगळ्यांनी टायमिंग पाच सेकंदांनी खाली आणलं तर जागा वाढत नाहीत, मेरिट वर जातं. एका मुलाला ‘तू मेहनत केलीस तर तुझी शक्यता वाढेल’ असं सांगणं खरं आहे. तेच वाक्य एक हजार मुलांच्या सभेत माईकवरून सांगणं खरं राहत नाही, कारण त्या सभेतल्या प्रत्येकाची शक्यता एकाच वेळी वाढू शकत नाही. व्यक्तीला दिलेला सल्ला समाजाला नियम म्हणून सांगितला की तो बिघडतो.

एका वक्त्याने दहा हजार तासांचा दाखला दिला. दहा हजार तास सराव करा, शिखर गाठाल, असं तो म्हणाला. या आकड्याचं मूळ १९९३ मधल्या एका अभ्यासात आहे. अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांची विचारपूस केली. सर्वांत सरस गटाचा वयाच्या विसाव्या वर्षापर्यंतचा एकट्याने केलेला रियाज सरासरी दहा हजार तासांच्या घरात निघाला. पण ती सरासरी होती, आणि ती सगळी मंडळी अकादमीत आधीच निवडून घेतलेली होती. ज्यांना प्रवेशच मिळाला नाही त्यांचे तास कुणी मोजले नव्हते. पुढे २०१४ मध्ये ब्रुक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी असे ८८ अभ्यास एकत्र तपासले. खेळाडूंच्या कामगिरीत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे १८ टक्के फरक सरावाने स्पष्ट होतो, असं त्यांना आढळलं. संगीतात २१ टक्के, शिक्षणात अवघा ४ टक्के. अर्जेंटिनातल्या बुद्धिबळपटूंवरचा २००७ चा अभ्यास तर वर्गात वाचून दाखवावा असा आहे. मास्टर पातळी गाठायला एकाला ३,०१६ तास लागले आणि दुसऱ्याला २३,६०८. दोघांनीही मेहनतच केली. त्या दुसऱ्याला आपण आळशी म्हणणार का? त्याने तर पहिल्याच्या सातपटीहून जास्त घाम गाळला.

पी. टी. उषांचं नाव त्या दिवशी दोन्ही बाजूंनी घेतलं नाही, याचं मला नवल वाटलं. १९८४, लॉस एंजेलिस, ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत. तिसऱ्या आलेल्या रुमानियाच्या धावपटूची वेळ ५५.४१ सेकंद, उषांची ५५.४२. त्या एका शतांश सेकंदात कोणत्या सकाळचा सराव कमी पडला होता? कोणती ती पहाट, जेव्हा त्या उठल्या नाहीत? हा प्रश्नच वेडगळ आहे हे कुणालाही कळतं. मग गल्लीतल्या मुलाचा एक गुण गेला की त्याला हाच प्रश्न आपण इतक्या सहज कसा विचारतो?

आणि खाशाबा जाधव. मला त्यांच्याबद्दल जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण ‘जिद्दीने पदक आणलं’ एवढंच पोरांना सांगितलं जातं. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल तांबड्या मातीत घडला. १९४८ मध्ये लंडनला गेला तेव्हा खर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तिथे कुस्ती होती मॅटवर, नियम आंतरराष्ट्रीय. मातीत पाय रुतवून डाव टाकायची सवय असलेल्या पायांना ती गादी नवीन होती. तरी ते सहावे आले. सराव कमी होता का? मुळीच नाही. सराव दुसऱ्याच जमिनीचा होता, आणि ती जमीन निवडणं त्यांच्या हातात नव्हतं. १९५२ च्या हेलसिंकीसाठी पैसे गोळा करताना त्यांना दारोदार फिरावं लागलं. राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. हेलसिंकीत एका कुस्तीनंतर नियमाप्रमाणे मिळायची विश्रांती न मिळता त्यांना सोव्हिएत मल्लाशी लढावं लागलं, आणि तिथे त्यांच्या बाजूने भांडायला भारताचा एकही अधिकारी हजर नव्हता. त्यातून त्यांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. दुसरं वैयक्तिक पदक आलं १९९६ मध्ये, लिएंडर पेसचं. मधली ४४ वर्षं या देशात कुणी सराव केला नाही का? कोल्हापूर, सांगली, सोलापूरच्या तालमी ओस पडल्या होत्या का? पहाटे तीनला उठून हजार हजार बैठका मारणारे पैलवान त्या प्रत्येक वर्षी होते. मॅट नव्हती, मार्गदर्शक नव्हते, प्रवासाचे पैसे नव्हते. खाशाबांची गोष्ट मेहनतीची आहेच, पण ती गहाण पडलेल्या एका घराचीही आहे. ते घर गोष्टीतून काढून टाकलं की उरते ती अर्धवट गोष्ट.

अविनाश साबळेचंही तेच. शाळेसाठी मैलोनमैल पायपीट केलेला मुलगा, पण स्टीपलचेस हा अडथळे ओलांडत धावायचा प्रकार हाती लागला तो सैन्यात गेल्यावर, २०१७ च्या सुमारास, तिथल्या प्रशिक्षकाच्या नजरेत भरल्यावर. पाय आधीपासून होते, नजर नंतर आली. मराठवाड्यात आणि आपल्या करमाळा-माढ्याच्या माळांवर आज किती पायांना ती नजर मिळत नसेल?

पण यशस्वी माणसांच्या याद्यांनी आपली फसगत होते, त्याचं खरं कारण वेगळं आहे. नवसासारखं आहे हे. नवस फिटला की माणूस पेढे वाटतो, देवळात जाऊन चार लोकांत सांगतो. ज्याचा फिटला नाही तो कुणाला सांगत नाही, मुकाट्याने घरी बसतो. वर्षानुवर्षं कानावर फिटलेलेच नवस येत राहतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की हा देव सगळ्यांनाच पावतो. निकाल लागला की चौकाचौकात फ्लेक्स लागतात, हसऱ्या चेहऱ्यांचे, गुलालातले. त्याच अभ्यासिकेत त्याच बाकावर तितकेच तास बसलेल्या बाकीच्यांचा फ्लेक्स कुणी लावत नाही. मग मेहनतीचा आणि यशाचा हिशेब आपण नेमका कोणाकडे पाहून मांडतो? ज्यांनी मेहनत केली आणि तरी राहिले, त्यांना मोजल्याशिवाय ‘हमी’ हा शब्द उच्चारायचा अधिकारच मिळत नाही.

आता सगळ्यांत बळकट आक्षेप. एका ज्येष्ठ प्राध्यापकांनीच तो मला नंतर चहा पिताना ऐकवला: ‘सर, तुमचं गणित बरोबर असेल. पण गरिबाच्या पोराजवळ मेहनतीशिवाय दुसरं काय आहे? तेही पुरेसं नाही म्हणून सांगितलंत तर ते पोर उद्या उठायचंच नाही.’ या आक्षेपापुढे मी बराच वेळ गप्प होतो. खरंच, ज्याच्या घरी पुस्तकांचं कपाट नाही, ओळखीचा अधिकारी नाही, त्याला मेहनत ही एकच काठी. ती हातातून काढून घेणारा मी कोण?

माझं उत्तर मला एका संध्याकाळी मिळालं होतं, ते सांगतो. आमच्या मैदानावरचा एक मुलगा, वय चोवीस. वडील टॉवेलच्या कारखान्यात माग चालवतात, आई विड्या वळते. दीड वर्षात त्याने पावसाचे आणि तापाचे दिवस सोडले तर एकही पहाट चुकवली नाही. ग्राउंडला ५० पैकी ४६, लेखीला १०० पैकी ८३, एकूण १२९. त्याच्या जिल्ह्याचं मेरिट त्याच्या प्रवर्गात लागलं १३० ला. त्याच्याच बरोबर धावणारा, त्याच प्रवर्गातला त्याचा मित्र १२८ वर भरती झाला, कारण त्याने अर्ज दुसऱ्या जिल्ह्याचा भरला होता आणि तिथलं मेरिट खाली लागलं. निकालाच्या तिसऱ्या दिवशी मुलाचे वडील माझ्या घरी आले. चप्पल बाहेर काढून दाराशीच उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात. बोटांना रंगाचा वास होता. म्हणाले, ‘सर, खरं सांगा. पोरगं कुठं कमी पडलं? रोज चारला उठत होतं. का मैदानावर येतो सांगून दुसरीकडं जात होतं?’

म्हणजे हमीने हे केलं होतं. मेहनतीने यश नक्की मिळतं, हे त्या माणसाने मनोभावे मानलं होतं. यश मिळालं नाही, याचा अर्थ मेहनत झाली नाही, एवढंच त्यातून निघत होतं. दीड वर्ष डोळ्यांसमोर चारला उठणारा मुलगा त्यांना एका गुणाने खोटारडा वाटायला लागला. आणि मुलाला स्वतःलाही. तो आठवडाभर घरातून बाहेर पडला नव्हता. प्राध्यापक म्हणतात ती काठी ही अशी आहे. चालताना आधार देते, आणि पडलं की पाठीत बसते. आशा द्यायलाच हवी, पण उलटून वार करणार नाही अशी द्यावी. मी वही काढली. त्याच्या पहिल्या दिवसाचं टायमिंग ६ मिनिटं ०५ सेकंद, शेवटचं ५ मिनिटं १४. दोन्ही आकड्यांवर बोट ठेवून म्हणालो, ‘अण्णा, हे बघा. पोरगं कमी पडलं नाही. जागा कमी पडल्या.’ त्यांनी तो कागद बराच वेळ हातात धरला. मग खुर्चीवर बसले.

विरोधी बाजूच्या मुलांनी माझं हे बोलणं आपल्या खात्यात जमा करू नये. सगळं नशीब, सगळा वशिला, असं म्हणणारे मला हमीवाल्यांइतकेच चुकीचे वाटतात. पेपर फुटतो हे खरं. पण त्यावर ‘मग अभ्यास करून काय उपयोग’ म्हणणारा पेपर फोडणाऱ्याचं काम सोपं करतो. ज्याने अभ्यासच केला नाही त्याला पेपर फुटल्याचा राग येण्याचं कारण तरी काय? राग येतो तो ज्याने रात्री जागवल्या त्याला, आणि तो राग खरा असतो. हमीवाले सगळा भार पोराच्या डोक्यावर ठेवतात आणि नशीबवाले तो भार आकाशात भिरकावून देतात. ज्यांच्या हातात जागा, नियम, वेळापत्रक आणि सोयी आहेत त्यांच्याकडे दोघांपैकी कुणीच बोट दाखवत नाही.

इतिहासात हा पेच आपण एकदा सोडवला आहे. इंग्रजांच्या काळात आयसीएसची, म्हणजे वरिष्ठ सरकारी अधिकारी निवडण्याची परीक्षा लंडनमध्येच व्हायची. त्यात १८७६ मध्ये कमाल वयोमर्यादा २१ वरून १९ वर आणायचं ठरलं. म्हणजे हिंदुस्थानातल्या मुलाने कोवळ्या वयात बोट पकडायची, परक्या भाषेत, परक्या मुलखात, तिथल्याच मुलांशी टक्कर द्यायची. तेव्हाचे आपले पुढारी काय म्हणाले? पोरांनो, आणखी मेहनत करा, एवढं सांगून घरी बसले का? सुरेंद्रनाथ बॅनर्जी देशभर फिरले आणि या एका प्रश्नावर सभा घेतल्या. १८८५ मध्ये काँग्रेसच्या पहिल्याच अधिवेशनात ठराव झाला की परीक्षा हिंदुस्थानातही घ्या आणि वय वाढवा. परीक्षा इथे व्हायला १९२२ उजाडलं. मुलांनी अभ्यास करावा यात त्या माणसांना शंका नव्हती. पण अभ्यास कोणत्या नियमांखाली तोलला जातो, याकडे त्यांनी डोळेझाक केली नाही. २०२३ मध्ये एमपीएससीच्या नव्या परीक्षापद्धतीची अंमलबजावणी २०२५ पासून करा म्हणून पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर बसले, तेव्हा ‘हा वेळ अभ्यासाला द्या’ असं सांगणारे पुष्कळ निघाले. ते विद्यार्थी सुरेंद्रनाथांच्याच वाटेवर होते. वर्षानुवर्षं एका पद्धतीचा सराव केलेल्या माणसापुढे पद्धत बदलणं म्हणजे मातीतल्या मल्लाला उद्या सकाळी मॅटवर उभं करणं.

आणि बाबासाहेब. ज्यांचं नाव घेऊन हमी दिली जाते त्यांच्याइतकी अभ्यासाची किंमत कुणी मोजली असेल? पण १९१३ मध्ये त्यांना अमेरिकेला जाता आलं ते बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर. १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं, ते शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून. त्या वर्षी त्यांची मेहनत कमी झाली नव्हती. १९२० मध्ये ते पुन्हा गेले, ते स्वतःची शिल्लक, मित्राकडून घेतलेलं कर्ज आणि शाहू महाराजांची मदत यांच्या आधारावर. हे सगळं सोसून आलेल्या माणसाने आपल्या समाजाच्या मुलांना काय दिलं? ‘माझ्यासारखा अभ्यास करा’ एवढं भाषण देऊन ते थांबले असते तर कुणी नावं ठेवली नसती. १९२४ मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, आणि त्या सभेने १९२५ मध्ये वसतिगृह उघडलं ते आपल्या सोलापुरात. हायस्कुलात शिकणाऱ्या मुलांना राहायला जागा, दोन वेळचं जेवण, अंगावर कपडे. मुलगा अभ्यास करील यावर त्यांचा विश्वास होता. तो विश्वास उपाशीपोटी टिकत नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. ‘परिश्रम हीच हमी’ असं बाबासाहेबांचं नाव घेऊन सांगणाऱ्या वक्त्यांपैकी एकालाही आपल्या शहरातलं हे वसतिगृह माहीत नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं.

आज कायदाही या शब्दाबाबत आपल्यापेक्षा सावध झाला आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये क्लासच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. शंभर टक्के निवडीची किंवा नोकरीची खोटी हमी क्लासवाल्यांना देता येत नाही. पैसे घेऊन शिकवणाऱ्याला जी हमी द्यायला मनाई आहे, ती आपण शिक्षक, पालक आणि प्रमुख पाहुणे माईकवरून फुकट वाटतो. सत्काराच्या सभेत एक वाक्य वाढवायला काय जातं? ‘या मुलांनी मेहनत केली, आणि यांच्याइतकी मेहनत केलेली आणखी पुष्कळ मुलं जागा नव्हत्या म्हणून राहिली.’ अभ्यासिकेने निकालाच्या फलकावर निवड झालेल्यांच्या शेजारी परीक्षेला बसलेल्यांची संख्याही लिहावी. भरतीचं वेळापत्रक वर्षाच्या सुरुवातीला लागावं आणि पाळलं जावं, ही मागणी मेहनत टाळणाऱ्यांची नाही, मेहनत करणाऱ्यांचीच आहे. आणि तयारीला लागतानाच किती वर्षं द्यायची आणि नंतर काय, हे घरात बसून बोललं जावं. ‘आधीच अपशकुन कशाला’ म्हणून हे बोलणं टाळलं जातं. शेतकरी पेरणीआधी पाऊस नाही आला तर काय, याचा विचार करतो. त्याने पेरणी ढिली पडते का?

त्या संध्याकाळनंतर मी माझ्या वहीची पद्धत बदलली. नवा मुलगा मैदानावर आला की नाव, वय, टायमिंग लिहितो आणि त्याखाली दोन ओळी त्याच्याच हाताने लिहून घेतो: किती वर्षं, आणि नाही झालं तर काय. दुसरी ओळ बरेच जण पहिल्या दिवशी कोरी सोडतात. मी आग्रह धरत नाही, फक्त दर महिन्याला ते पान उघडून समोर ठेवतो. अण्णांचा मुलगा दोन आठवड्यांनी परत यायला लागला. वय वाढतं आहे, पण अजून बसतं. पहिल्या ओळीत त्याने लिहिलं, ‘आणखी दोन.’ दुसरी त्याने महिनाभर कोरीच ठेवली होती. मग एका सकाळी वही मागून घेतली, गुडघ्यावर ठेवून लिहिलं, ‘आयटीआय, इलेक्ट्रिशियन. फॉर्म आणलाय.’ वही मला परत दिली, बुटाची नाडी आवळली आणि रेषेवर जाऊन उभा राहिला. त्या दिवशी त्याचं टायमिंग ५ मिनिटं ०८ सेकंद भरलं.